वर दादर, खाली भायखळा

माणसाच्या पोटात शिवडी उजवीकडे येते. वरळी डावीकडे, दादर वर आणि भायखळा खाली. हे वाक्य मला कुणा विद्यार्थ्याच्या पेपरात सापडलं असतं, तर मी त्याला शून्य देऊन शिवाय पालकांनाही बोलावून घेतलं असतं. गिरगावातल्या एका शाळेत मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. ‘वर म्हणजे उत्तर’ म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला बाकावर उभं केलं आणि ‘वर म्हणजे छत, उत्तर म्हणजे उत्तर’ हे दहादा म्हणायला लावलं. आमची कुंदा म्हणते, निवृत्त झाल्यापासून रागवायला मुलं उरली नाहीत म्हणून मी लिफ्टवर रागावतो. असेल. पण पोटातली शिवडी मी मान्य केली, कारण ती मयेकर सिस्टरांनी तिथे ठेवली होती. सिस्टरांनी एकदा वस्तू जागेवर ठेवली की ती हलवायची कुणाची टाप नव्हती.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना त्याच्या मागची उंच, बारीक इमारत मिळाली. अकराव्या मजल्यावर आमचं आणि सिस्टरांचं दार समोरासमोर. त्या एकट्याच. मूळच्या मालवणकडच्या, उंचीला बेताच्या, केसांचा अंबाडा असा घट्ट की भुवयासुद्धा थोड्या वर ओढलेल्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून छत्तीस वर्षं उभ्या राहिल्या. शेवटची बरीच वर्षं दुर्बिणीच्या ऑपरेशनांना. म्हणजे पोटाला मोठा छेद द्यायचा नाही. तीन-चार भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा, बाकीच्यांतून लांब दांड्याचे चिमटे, आणि डॉक्टरने पोटाकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघत काम करायचं. मला हे सगळं त्यांनीच सांगितलं. मी रक्त बघितलं की जमिनीवर बसतो, हे आधीच नमूद करून ठेवतो.

ऑपरेशन चालू असताना डॉक्टर नजर हलवत नाही, नुसता तळहात पुढे करतो. सिस्टरने त्यावर हवं ते हत्यार असं ठेवायचं की त्याला बघावंच लागू नये, थोडं आपटूनच. ते आपटणं मयेकर सिस्टरांच्या अंगात मुरलं होतं. कुंदाने पोळ्या करताना नुसतं ‘लाटणं’ म्हटलं की फट्. मी वर्तमानपत्र वाचत हात पुढे केला की त्यात चष्मा, फट्, आणि तोही दांड्या उघडून. इमारतीच्या सत्यनारायणाला भटजींनी पळीसाठी हात पुढे केला, तेव्हा पळी अशी बसली की त्यांचा मंत्र अर्ध्यात राहिला आणि यजमानांना तीर्थ दोनदा मिळालं.

त्याच सत्यनारायणाला दुसरा प्रकार घडला. शिऱ्याबरोबर दिलेले स्टीलचे चमचे सिस्टरांनी परत मोजून घेतले. एक कमी. सिस्टर हॉलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“एक आत राहिलाय,” त्या म्हणाल्या.

थिएटरमध्ये हे वाक्य ऐकलं की पोट शिवणारे हात थांबतात म्हणे. आमच्या हॉलमध्ये चपला घालणारे पाय थांबले. सेक्रेटरी म्हणाले, जाऊ द्या हो सिस्टर, चमचाच तो, लोकांना घरी जायचंय. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “घाई कुणाला आहे? पेशंट झोपलाय.” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं. वीस मिनिटांनी चमचा माझ्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घरात सापडला.

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “थिएटर असतं तर तुमचं पोट आम्ही शिवून मोकळे झालो असतो.”

निवृत्तीच्या समारंभात हॉस्पिटल त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होतं. सिस्टरांनी अर्ज केला की घड्याळ नको, मोडीत काढलेले दुर्बिणीचे चिमटे द्या. ते मिळाले. मग दोन वर्षं त्यांच्या शोकेसमध्ये, काचेच्या बदकांच्या मागे, हातभर लांबीचे ते चिमटे पडून होते. सारिका आली आणि बदकं मागे गेली.

दसऱ्यानंतरची गोष्ट. लिफ्टमधून एक तिशीतली मुलगी उतरली, पाठीवर सॅक, हातात चप्पल. सिस्टर तिच्या पुढे. “सर, ही डॉक्टर सारिका मडावी. गडचिरोलीच्या पलीकडून आलीय. तुमचा फोन आणा.” एवढीच ओळख. माझ्या मुलाने मला एक भारी कॅमेऱ्याचा फोन पाठवला होता, ज्यावर मी फक्त हवामान बघायचो. तो घेऊन मी गेलो आणि पुढचे सहा महिने परत आलो नाही असं कुंदा म्हणते.

सारिकाने तालुक्याचं नाव सांगितलं. महाराष्ट्राच्या नकाशात तो तालुका मी शेकडो पोरांना हिरव्या पेन्सिलीने रंगवायला लावला होता. तिथलं माणूस पहिल्यांदाच बघत होतो. ती तिथल्या सरकारी हॉस्पिटलातली एकुलती एक सर्जन. पोट उघडून करायची ऑपरेशनं ती रोज करायची. पण आदल्या वर्षी तिच्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशनचं मशीन आलं होतं. तिने फोटो दाखवला: प्लॅस्टिकच्या कव्हरात मशीन, कव्हरावर हार, कुंकवाची पाच बोटं आणि पुढ्यात नारळ.

“दसऱ्याला पूजा होते जी त्याची,” ती म्हणाली. “बाकी वर्षभर कव्हर असते.”

“कित्याक?” सिस्टरांनी विचारलं. त्यांना राग आला की मालवणी यायची.

“शिकवणारं कोणी नाही ना. कॉलेजात असताना मी कॅमेरा धरला खूपदा, पण चिमटा मोठ्यांच्या हाती. आता वर्षभराचं शिक्षण घ्यायचं तर जागा शहरात, आणि त्याही मोजक्या. अन् मी वर्षभर आली इकडे, तर तिकडे थिएटरला कुलूप लागते. मग बाई अडली तर कोणी पाहावं?”

म्हणून रजा टाकून ती दहा दिवसांच्या एका कार्यशाळेला परळला आली होती. तिथे मशीन एक आणि डॉक्टर चौदा. हत्यारं मांडायला मयेकर सिस्टरांना मदतीला बोलावलं होतं. त्यांनी पाहिलं की ही मुलगी तीन दिवस सगळ्यांच्या खांद्यांवरून टाचा उंचावून बघतेय. चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सगळे बिस्किटांकडे गेले तेव्हा सिस्टरांनी हिच्या तळहातावर चिमटा ठेवला, फट्. आणि संध्याकाळी घरी घेऊन आल्या.

घाईचं कारण आणखी वेगळं होतं. वरून पत्र आलं होतं की मार्चअखेरपर्यंत मशीनचा वापर सुरू झाला नाही तर ते जिल्ह्याला हलवण्यात येईल. आणि जनीबाई होती. जनीबाई म्हणजे सारिकाची पेशंट, पित्ताशयात खडे. पोट उघडून काढते म्हटलं तर ती म्हणायची, एवढं कापलं तर मोह वेचायला वाकू कशी? तिचं अर्ध्या वर्षाचं घर मोहाच्या फुलांवर चालायचं आणि फुलं जमिनीवरून वाकूनच वेचायची असतात. मग ती दुखलं की यायची, इंजेक्शन घ्यायची आणि चालू पडायची.

“मोह कधी पडतो?” सिस्टरांनी विचारलं.

“मार्चात जी.”

सिस्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून मार्च बघितला आणि खिळ्याला परत अडकवलं. तिथे त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांना लिहायची गरज नसायची.

दुसऱ्या दिवशी चिवडा गल्लीतून पत्र्याचा चौकोनी डबा आला. त्याच्या झाकणाला दोन भोकं चिमट्यांसाठी आणि एक फट माझ्या फोनच्या कॅमेऱ्यासाठी. फोनमधलं चित्र सिस्टरांच्या टीव्हीवर. टीव्ही खिडकीखाली. डब्यात बल्ब. मी कॅमेरामन. डब्याला मसाल्याचा वास इतका होता की पहिल्या दिवशी सारिका अकरा वेळा शिंकली आणि दर शिंकेला डब्यातली द्राक्षं फुटली. पहिला अभ्यास द्राक्षांचा होता: साल सोलायची, गर दुखवायचा नाही.

आणि इथेच ती डाव्या-उजव्याची भानगड सुरू झाली. चिमटा भोकातून आत जातो, त्यामुळे बाहेर हात डावीकडे नेला की आत टोक उजवीकडे जातं. सिस्टर म्हणायच्या डावीकडे. सारिका हात डावीकडे न्यायची. टोक उजवीकडे.

“डावीकडे गो.”

“घेतला ना जी डावीकडे.”

“हात नाय, टोक.”

“मग हात उजवीकडे?”

“हाताचा नाव काढू नको.”

अर्धा तास हे चाललं. मला राहवेना. मी म्हणालो, “सिस्टर, मुळात डावं-उजवं ही दिशाच नव्हे. ती माणसाची असते. माणूस वळला की तीही वळते. पूर्व-पश्चिम वापरा. पूर्व कधी वळत नाही.” वर्गात हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी कुणीच ऐकायचं नाही.

सिस्टरांनी ऐकलं. थोडा विचार केला. “थिएटरला खिडकी नसते, सर. पूर्व शोधायला सूर्य कुठून आणू?”

मग त्यांची नजर टीव्हीच्या वर, खिडकीबाहेर गेली. खिडकी उत्तरेची. समोर दादरच्या इमारती. डाव्या हाताला दूर वरळी, उजवीकडे शिवडीची बाजू. त्यांनी टीव्हीच्या चारी कडांवर बोट ठेवलं.

“डॉक्टर, हा पडदा म्हणजे लालबाग. वर दादर, खाली भायखळा. इकडे वरळी, तिकडे शिवडी. तुझो हात खंय जाता ता माका सांगू नको. टोक शिवडीक पोचला की नाय, तितक्याच सांग.”

सारिकाने दादर स्टेशन सोडून यातलं काही पाहिलेलं नव्हतं. तेच कामाला आलं. शिवडी म्हटल्यावर तिच्या डोक्यात ना किल्ला, ना फ्लेमिंगो. नुसती पडद्याची एक कड. “शिवडी,” सिस्टर म्हणायच्या. टोक शिवडीला. “वरळी, एक स्टॉप.” टोक वरळीच्या आत एक स्टॉप. पंधरा मिनिटांत अख्खं द्राक्ष सोललं गेलं. मी मध्येच बोलायचा प्रयत्न केला की शास्त्रीय दृष्ट्या बघता दादर थेट उत्तरेला नाही, किंचित तिरपं आहे.

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “फोन हलला.”

द्राक्षं संपली आणि कोलंबी आली. ही सिस्टरांची स्वतःची परीक्षा. लालबागच्या बाजारातून मोठी कोलंबी आणायची, डब्यात ठेवायची, पाठीला बारीक चीर द्यायची, आतला काळा दोरा न तोडता सलग बाहेर ओढायचा आणि मग चिरेवर दोन टाके घालून गाठ मारायची. सगळं चिमट्यांनी, सगळं टीव्हीकडे बघत. दोरा अख्खा आणि शेपूट शाबूत म्हणजे पास. सारिका त्यांना झिंगे म्हणायची आणि सिस्टर दर वेळी ‘कोलंबी’ म्हणून दुरुस्त करायच्या. बाकी ती काय म्हणते याला त्यांची हरकत नव्हती.

पहिल्या संध्याकाळी डझनभर कोलंबीचा नुसता चुरा झाला. तिसऱ्या संध्याकाळी दोरा निघायला लागला, पण गाठ बसेना. डब्यातली प्रत्येक कोलंबी नंतर आमच्या घरी यायची, कारण सिस्टरांना अन्न टाकलेलं खपत नसे. कुंदा तिचं कालवण करायची. एका रात्री जेवताना माझ्या दाढेत काहीतरी अडकलं. ओढलं तर निळ्या नायलॉनचा दोरा, आणि त्याला गाठ. मी तसाच ताटावरून उठून समोरच्या दारात गेलो.

“सिस्टर, माझ्या तोंडात टाका निघाला.”

सिस्टरांनी तो दिव्याखाली धरला. मला कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही. “डॉक्टर,” त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, “बघ. शिजली, सरांनी चावली, तरी गाठ सुटली नाय.” सारिका हसत सुटली. आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती आणि त्यासाठी माझी दाढ खर्ची पडली याचं मला काही वाटलं नाही.

पण शेवटच्या आदल्या संध्याकाळी घोटाळा झाला. सहा कोलंब्या, सहाही फाटल्या. सारिकाने चिमटे खाली ठेवले.

“माझ्यानं होत नाही जी. जाऊ द्या मशीन जिल्ह्याला.”

“घाई कुणाला आहे?” सिस्टर म्हणाल्या. “पेशंट झोपलाय.”

“नाही सिस्टर. पेशंट जागी आहे. जनीबाई रात्रभर पोट धरून जागीच असते.”

टीव्हीवर फाटलेली कोलंबी दिसत होती आणि माझा हात अवघडून आला होता, पण फोन हलवायची हिंमत नव्हती. मग सिस्टरांनी स्वतःचा तळहात पुढे केला. सारिकाला कळेना. “दे,” सिस्टर म्हणाल्या. तिने चिमटे त्यांच्या हातात दिले. सिस्टर डब्यासमोर बसल्या, टीव्हीकडे बघितलं आणि सातव्या कोलंबीचं शेपूट पहिल्याच झटक्याला तोडलं. आठवीचं डोकं गेलं. नववी डब्यातून उडून माझ्या बाहीवर आली.

“छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात दिलं,” सिस्टर म्हणाल्या. “स्वतः कधी चालवलं नाही. माझा हात तुझ्याहून वाईट आहे डॉक्टर. पण कुठे चुकतं ते मला दिसतं. आता तू दहावी घे. मनगट सोड, खांदा खाली, आणि दादरला जायची घाई करू नको.”

दहावीचा दोरा सलग निघाला. गाठ दुसऱ्या प्रयत्नात बसली. सिस्टरांनी ती कोलंबी कुंदाला दिली नाही. बशीत ठेवून शोकेसमध्ये, बदकांच्या शेजारी ठेवली. सकाळी वास सुटल्यावर काढावी लागली.

सारिका डबा घेऊन परत गेली. तिकडे ती रोज संध्याकाळी ओपीडी आटोपून डब्याला बसायची आणि आम्ही फोनवर बघायचो. नेटवर्क असलं तर चित्र यायचं, नसलं तर नुसता आवाज. तेवढ्यावरही ‘शिवडी’, ‘पोचली जी’ चालायचं. थिएटरमध्ये कॅमेरा धरायला तिच्याकडे उसेंडी सिस्टर होत्या. त्यांना सरावाला म्हणून आमच्या सिस्टरांनी दिवाळीच्या सुमारास दुसरा डबा पार्सल केला. आठवड्याने तिथल्या क्लार्कचा अत्यंत दिलगिरीचा फोन आला. आपण प्रेमाने पाठवलेला चिवडा वाटेत उंदरांनी संपूर्ण खाल्ला आहे, डब्याच्या झाकणाला तीन भोकं आहेत, तक्रार नोंदवली आहे आणि डबा फेकून दिला आहे. सिस्टर इतक्या हसल्या की अंबाडा सुटला. तिसरा डबा गेला तेव्हा त्यावर मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: ‘भोकं मुद्दाम पाडली आहेत.’

उसेंडी सिस्टरांना शिकवायचं काम माझ्यावर आलं, कारण इमारतीत अनुभवी कॅमेरामन मीच. कोपर बरगडीला टेकवून धरा, श्वास नाकाने घ्या, डॉक्टरची नजर जाईल तिथे जा, पण तिच्या आधी नको. मी रागवायचो. त्या ‘हो गुरुजी’ म्हणायच्या. महिन्याभरात त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला आणि मग माझ्याकडे रागवायला कारणच उरलं नाही. चौतीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

राहता राहिलं ते एक. पहिलं ऑपरेशन एकटीने करायचं नसतं. जाणत्या सर्जनने शेजारी उभं राहावं लागतं. परळचे एक मोठे सर होते, ज्यांच्या तळहातावर सिस्टरांनी उभं आयुष्य हत्यारं ठेवली. त्यांना सारिकाने मेल पाठवले, सिस्टरांनी निरोप पाठवले. सर म्हणायचे बघू, वेळ काढतो. फेब्रुवारी उजाडला. तेव्हा सिस्टरांनी त्यांना माशाच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. त्याला ते लगेच आले.

जेवताना सर मला हॉस्पिटलच्या जुन्या गोष्टी सांगत होते. सांगता सांगता, माझ्याकडे बघतच, त्यांनी सवयीने उजवा तळहात बाजूला पुढे केला आणि म्हणाले, “चमचा.” सिस्टर मागेच उभ्या होत्या. फट्. सरांनी हात जवळ घेतला आणि पाहिलं तर हातात चमचा नव्हता. नागपूरच्या गाडीचं तिकीट होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं, खालचा बर्थ, परतीचं आठ दिवसांनी.

“मयेकर, मी चमचा मागितला होता.”

“तुम्ही काय मागता त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही, सर,” सिस्टर म्हणाल्या. “काय लागणार आहे तेच दिलं.”

सरांनी तिकिटावरची तारीख वाचली. मग त्यांनी ते खिशात ठेवलं आणि चमच्याशिवाय, वाटी तोंडाला लावून सोलकढी प्यायले.

स्वतः सिस्टर मात्र गेल्या नाहीत. आम्ही दोघांनीही आग्रह केला. त्या म्हणाल्या, मी तिथे असले तर ती पडद्याकडे बघायची सोडून माझ्याकडे बघेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला मी आणि कुंदा त्यांच्याकडे जाऊन बसलो. ऑपरेशन दहाला होतं. थिएटरमधून फोन करायचा नाही असं सिस्टरांनीच बजावलं होतं, त्यामुळे करण्यासारखं काही नव्हतं. सिस्टरांनी घरातले चमचे मोजले. अकरा. परत मोजले. मग आमच्या घरातले मोजून आल्या. साडेअकराला मी म्हणालो, सिस्टर, पेशंट झोपलाय. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. मीच जागी आहे.” मला त्या वेळी त्यांची फार काळजी वाटली, आणि सारिकाची, आणि कधी न पाहिलेल्या जनीबाईची. आणि उसेंडी सिस्टरांचं कोपर बरगडीला टेकलेलं असेल ना, याची.

पावणेएकला फोन वाजला. सिस्टरांनी तो माझ्या हातात आपटला. मी स्पीकर लावला. मोठे सर होते.

“मयेकर, तू या लोकांना ही काय भाषा शिकवलीयस?”

सिस्टर उभ्या राहिल्या.

“मधे एक चिकट जागा आली. मी म्हणतोय, लेफ्ट, लेफ्ट. ही पोरगी थिजून उभी. मी आणखी जोरात, लेफ्ट. हिचा हात हलेना. मी चिमटा काढून घेणार एवढ्यात ती कॅमेरावाली सिस्टर हळूच म्हणते, मॅडम, वरळी. जरासं दादर. आणि ही मुलगी सरळ गेली की. अशी अलगद. पुढचं सगळं तिने केलं, मी नुसता हात बांधून उभा. चाळीस वर्षं पोटं उघडतोय मयेकर, आत वरळी आहे हे मला आज कळलं.”

कुंदा रडायला लागली. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता, कोपर बरगडीला टेकवून. सिस्टर फोनजवळ वाकल्या.

“मोजणी बरोबर आली?” त्यांनी विचारलं.

“आली. सगळं बाहेर. पेशंट उठतेय.”

सिस्टर खाली बसल्या. कॉटवर नाही, खुर्चीवर नाही, जमिनीवर, मी रक्त बघितल्यावर बसतो तशा. आणि मग त्या हसायला लागल्या, आणि आम्ही तिघंही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून काय झालं म्हणून विचारायला माणूस आला. सिस्टरांनी त्याच्या हातावर बर्फी ठेवली, फट्.

जनीबाई तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली. महिनाअखेरीस सारिकाने फोटो पाठवला: झाडाखाली, टोपली घेऊन, वाकलेली. तोंड दिसत नव्हतं, पाठच दिसत होती, आणि आम्हाला तीच बघायची होती. मशीन जिल्ह्याला गेलं नाही. त्याचं कव्हर उसेंडी सिस्टरांनी आपल्या स्कूटरला घातलं.

एप्रिलमध्ये आजूबाजूच्या तालुक्यांतल्या तीन डॉक्टरांनी सारिकाकडे विचारणा केली, आम्हालाही शिकवाल का. सिस्टरांनी चार डबे आणि चिमटे बरोबर घेतले आणि खोलीची चावी आमच्याकडे दिली. तीन महिन्यांसाठी जाते म्हणाल्या. त्या टॅक्सीत बसल्यावर मी दार लावायला गेलो तर म्हणाल्या, “सर, तुमचा हात आत राहिलाय.” मी तो काढून घेतला. आता वर्ष होत आलं. बदकांवर धूळ बसते, ती कुंदा पुसते.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल आला. फोन कुणा शिकाऊ मुलाच्या हातात होता आणि इतका हलत होता की मी आधी त्यालाच रागावलो. चित्र स्थिर झालं. रिकामं थिएटर, ऑपरेशन नसतानाची वेळ. भिंतीवर मोठा पडदा आणि त्याच्या चार बाजूंना रंगवलेल्या चार पाट्या: दादर, भायखळा, वरळी, शिवडी. पडद्यासमोर डबा, डब्याभोवती तीन डॉक्टर, मध्ये सारिका, आणि मागे, अंबाडा तितकाच घट्ट, मयेकर सिस्टर.

मी लगेच विचारलं की तो पडदा कुठल्या भिंतीवर आहे. सारिकाने सांगितलं, दक्षिणेच्या. माझा पारा चढला. “अहो सिस्टर, म्हणजे तुमचं दादर दक्षिणेला गेलं.”

“इथे दादर वरच असतं, सर,” सिस्टर म्हणाल्या.

मी चावी घेऊन सिस्टरांच्या उत्तरेच्या खिडकीशी गेलो आणि फोन बाहेर धरला, म्हटलं, एकदा खरं काय ते या लोकांना दाखवूच. “हे बघा, ही उत्तर. आणि ही, उजवीकडे, ती शिवडी.”

तीन डॉक्टरांतला सगळ्यात तरुण होता तो फोनजवळ आला. बराच वेळ त्याने त्या इमारतींकडे निरखून पाहिलं.

“म्हणजे मुंबईतही शिवडी आहे का जी?” त्याने विचारलं.

त्याच्या मागे सिस्टरांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. त्या तशाच वळल्या आणि हसू आवरायला पडद्याच्या शिवडीच्या बाजूने, दारातून बाहेर गेल्या. त्या कॉलमध्ये त्या पुन्हा दिसल्या नाहीत. तो मुलगा अजून उत्तराची वाट बघत होता. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला मी.

“हो बाळा,” मी म्हणालो. “आमच्याकडेही एक आहे.”